६२ शब्दांचा मुलगा आणि १९ शब्दांची मुलगी

नागपूरच्या एका मॅडमचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मराठी माध्यमाची शाळा, दुसरीचा वर्ग, ३६ मुलं. प्रत्येक मुलाची वाचनगती मोजा आणि दोन दिवसांत तक्ता भरून द्या असं सांगण्यात आलं, तर मॅडमनी मोबाईलवर टायमर लावला, एकेकाला वर्गासमोर उभं केलं आणि पुस्तकातला झालेला धडा वाचायला दिला. एका मुलाने मिनिटात ६२ शब्द वाचले, तक्त्यात हिरवा. एक मुलगी १९ वर अडकली, लाल. नंतर मॅडमनी सहज विचारलं की धड्यात काय झालं, तर मुलीने सगळं सांगितलं, धड्यातली आजी का चिडली तेसुद्धा सांगितलं, आणि मुलगा नुसता बघत राहिला. पुढे मुलीच्या आईला शाळेत बोलावलं, हेडसर म्हणाले डिस्लेक्सिया असेल, दाखवून आणा, आई रडली, पोरगी दोन दिवस शाळेत आली नाही. मॅडम विचारतात, "ताई, या दोघांत खरं वाचतं कोण? ३६ पोट्ट्यांचं वाचन तपासायचं कधी आणि शिकवायचं कधी? आणि पालकांना काय सांगू?"

मॅडम, नाव छापू नका म्हणालात, नाही छापत.

आधी त्या मुलीचं बघा. तिच्या आईला आज एक फोन करा, शाळेत बोलावू नका, फोनच करा, आणि सांगा की त्या दिवशीचा आकडा म्हणजे निकाल नाही, तिला धडा समजलाय हे मी स्वतः ऐकलंय. पोरगी वर्गात आली की काही दिवस तिला सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. बाकीचं उत्तर रात्री निवांत वाचलंत तरी चालेल पण फोन आजच करा, कारण सात वर्षांच्या लेकराच्या मनात "मला वाचता येत नाही" हे एकदा बसलं की ते पुस्तकच टाळायला लागतं, आणि पुस्तक टाळणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं किती जड जातं ते तुम्ही मोठ्या वर्गात बघितलंच असेल.

आता खरं वाचतं कोण. त्या दिवशीच्या तपासणीवरून हे दोघांचंही सांगता येत नाही. उतारा झालेल्या धड्यातला होता ना, तिथेच अडचण आहे. मुलगा तो धडा अर्धा पाठ म्हणत असेल, डोळे पानावर आणि तोंडात वर्गात दहादा ऐकलेलं. आणि मुलीने गोष्ट सांगितली ती वाचून सांगितली असं तुम्हाला वाटलं, पण १९ शब्दांत ती आजीच्या चिडण्यापर्यंत पोचली तरी असेल का? तिने वर्गात ऐकलेलं सांगितलं असणार. म्हणजे तिचं ऐकून समजणं पक्कं आहे एवढं कळलं, आणि ते खूप मोठं आहे, पण वाचनाचं अजून कळायचंच आहे. दोघांनाही न बघितलेला, दुसरीच्या मुलाला झेपेल असा ८-१० ओळींचा मजकूर द्या आणि मग बघा.

तुमच्या तक्त्यात ज्यावरून हिरवं-लाल ठरतं तो मिनिटाला ४५-६० शब्दांचा आकडा आला कुठून तेही सांगते, कारण शाळांमध्ये तो अर्धाच पोचलाय. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, २०२६-२७ पर्यंत हे व्हावं असं त्याचं उद्दिष्ट. त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० असं दिलंय, पण ते समजून वाचण्याबद्दल आहे, आणि मजकूर मुलाच्या वयाला साजेसा आणि अनोळखी असावा ही अपेक्षाही त्यातच आहे. तुमच्या तक्त्यात "समजून" गेलं, "अनोळखी" गेलं, राहिलं फक्त घड्याळ.

तरीपण वेग बघूच नये असं मी म्हणणार नाही. बऱ्याच चांगल्या शिक्षिका वैतागून म्हणतात की मिनिट-बिनिट सगळं थोतांड आहे, मला ते पटत नाही. जे मूल एकेक अक्षर लावत लावत जातं, क ला काना का, म ला काना मा करत, त्याचं वाक्य संपेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते, मग अर्थ लागणार कुठून. वेग वाढतो तेव्हा अक्षरं ओळखायला जोर लागत नाही आणि तो जोर अर्थाकडे वळतो, म्हणून वेगाला किंमत आहे. पण तो वाढतो अक्षरं आणि मात्रा पक्क्या झाल्या की आपोआप, टायमर लावून "लवकर लवकर" म्हटलं की वाढत नाही, उलट मुलं शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून द्यायला शिकतात.

१९८६ साली गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी एक साधा हिशोब मांडला होता, तो अजून सगळीकडे वापरतात. समजून वाचणं म्हणजे लिहिलेलं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. तुमचा मुलगा आणि तुमची मुलगी या हिशोबात दोन वेगवेगळ्या बाजूला अडकले असावेत, आणि तक्त्याने त्यातल्या एकाच बाजूकडे बघितलं.

मुलाबद्दल तुम्ही पत्रात जाता जाता एक गोष्ट लिहिलीय, की घरी हिंदी बोलतात. मॅडम, माझ्या मते सगळं तिथेच आहे. नागपुरात हे फार होतं आणि पटकन लक्षात येत नाही. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे घरी हिंदी बोलणारं, मोठ्या भावाच्या हिंदी पुस्तकात डोकावणारं मूल मराठी पान घडाघडा वाचून टाकतं, ळ सोडला तर त्याला अक्षर नवीन नाही, ऐकणाऱ्याला वाटतं वा काय वाचून राहिला, आणि त्याला "निवडल्या", "रुसली", "उन्हं कलली" यातलं काही माहीतच नसतं. हे खरं आहे की नाही ते तपासायला पाच मिनिटं लागतात. दुसरा एक नवीन छोटा उतारा घ्या, तो तुम्ही त्याला वाचून दाखवा, सावकाश, आणि मग प्रश्न विचारा. ऐकूनही सांगता आलं नाही तर प्रश्न वाचनाचा नाही, मराठीचा आहे, त्याला गोष्टी ऐकवायला हव्यात, गप्पा मारायला हव्यात, शब्द हिंदीतून जोडून द्यायला हवेत. ऐकून सगळं सांगितलं आणि वाचून नाही सांगता आलं, तर मग त्याला आवाज काढणं म्हणजेच वाचन वाटतंय, त्याला दर दोन ओळींनी थांबवून "आता काय झालं?" एवढंच विचारत चला. जगात बऱ्याच देशांत ईग्रा नावाची चाचणी वापरतात, तिच्यात नुसतं ऐकून समजण्याचा एक वेगळा भाग ठेवलेला असतो, तो यासाठीच. आणि हो, प्रश्नाचं उत्तर हिंदीत दिलं तरी पूर्ण धरा, वऱ्हाडीत दिलं तरी पूर्ण धरा, तुम्ही समज तपासताय, भाषण नाही.

प्रश्नही जरा बघून विचारा. "आजीने मिरच्या कशात ठेवल्या?" याचं उत्तर मूल न समजता पण देतं, वाक्यात जे आहे तेच उचलून देतं. "का ठेवल्या असतील", "तुला काय वाटतं, आता आजी काय करेल" असा एखादा प्रश्न असला की कळतं. चारपाच प्रश्न पुरे, त्यातला एक तरी असा हवा. जे मूल बोलतच नाही त्याला चित्र काढायला सांगा किंवा करून दाखवायला सांगा.

पाठ म्हणतोय का याची शंका असेल तर वाक्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हा कोणता?" विचारा, पाठ म्हणणारं मूल पहिल्यापासून वाक्य म्हणत तिथपर्यंत येतं. किंवा अर्थ नसलेले शब्द लिहून द्या, टिमू, लुपी, नोसळ, घेडा, मुलांना सांगा की हे गंमतीचे शब्द आहेत. अंदाजाने वाचणारं मूल लुपीचं टोपी करतं.

आता मुलगी. तुम्ही तिची एक ओळ लिहून पाठवली ते फार बरं केलंत, अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. छापलेलं होतं "आजीने हिरव्या मिरच्या सुपात निवडून ठेवल्या." तिने वाचलं: आजीने, मग थांबली, हि, हिर, हिरव... तुमच्याकडे बघितलं, मि, मिर, मिरच... सुपात निवडून हे दोन शब्द सरळ, आणि परत ठेव, ठेवल... एवढ्यात मिनिट संपलं.

बघा बरं ती कुठे कुठे थांबली. हिरव्या, मिरच्या, ठेवल्या. व्या, च्या, ल्या. काना, वेलांटी, मात्रा, उकार कुठेच अडली नाही, "निवडून" सारखा शब्द एका दमात वाचला. तिला वाचता येतं मॅडम! तिला एक गोष्ट यायची बाकी आहे, अर्धं अक्षर आणि त्याला चिकटलेला या. आपल्याकडे जोडाक्षरं शेवटी शिकवायची पद्धत आहे, आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, पण मराठीत साधं वाक्य लिहायला गेलं तरी च्या-त्या-ल्या टाळता येत नाही, त्याच्या, तिच्या, घरच्या, गेल्या, आणल्या, म्हणाल्या, पुस्तकाच्या, सगळीकडे तेच. म्हणजे हा एक नमुना आला नाही की मूल प्रत्येक ओळीत दोनतीनदा ठेचकाळतं आणि तक्त्यात १९ येतात, आणि तोच पक्का झाला की तुम्हाला वाटेल पोरीला जादूने वाचायला यायला लागलं. तीन आठवडे घ्या. रोज दहा मिनिटं. फळ्यावर एकाखाली एक चिंच-चिंचा नको, मिरची-मिरच्या, पुरी-पुऱ्या, गाडी-गाड्या, काडी-काड्या, वही-वह्या, ज्या शब्दांचं अनेकवचन ती बोलताना रोज करते तेच, म्हणजे कानाला आधीच माहीत असलेलं डोळ्याला दिसतं. मग त्याच शब्दांची पाचसहा ओळींची गोष्ट तुम्हीच लिहा, ती तिला तीनचार दिवस परत परत वाचू द्या, एकदा तुमच्यासोबत, एकदा मैत्रिणीसोबत, एकदा घरी. आणि वर्गात च्या-ल्यावर अडणारी ती एकटी नसणार, गटच निघेल.

तिची ओळ जशी लिहिलीत तसंच सगळ्यांचं लिहायला शिका, तपासणी म्हणतात ती हीच. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी ही पद्धत बसवली. मूल वाचत असताना तुमच्या हातात त्याच उताऱ्याची दुसरी प्रत, बरोबर शब्दावर टिकमार्क, चुकलेल्या शब्दावर मूल काय बोललं ते वर लिहायचं, सोडलेल्या शब्दावर आडवी रेघ, आणि चुकून स्वतःच सुधारलं तर तिथे "सु" लिहायचं आणि ते चुकीत धरायचं नाही, उलट मनातल्या मनात शाबासकी द्यायची, कारण जे मूल स्वतःला थांबवून परत वाचतं ते अर्थ लावत असतं. साधारण २० शब्दांत एखादी चूक म्हणजे तो मजकूर त्याला एकट्याला वाचायला चालतो. १० शब्दांत एकाहून जास्त चुका म्हणजे फार कठीण, तो काढून घ्या आणि सोपा द्या. हे आकडे मूळ इंग्रजीसाठी ठरवलेले आहेत, मराठीत अंदाजापुरते वापरा.

मात्र चूक कोणती आणि बोली कोणती हे ओळखायला पाहिजे. आपल्याकडची मुलं "मला" छापलेलं असताना "मले" वाचतात, "काळा" चं "काया" करतात, "पाणी" चं "पानी". ही वाचनाची चूक नाहीच, मुलाने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या भाषेत बोललं, जे मूल नुसती अक्षरं ओढतं ते कधी मलाचं मले करणार नाही. तिथे टोकू नका, त्याची खूण वेगळी करा, छापील रूप नंतर बोलता बोलता सांगता येतं. याउलट "घर" च्या जागी "धर", "भात" च्या जागी "मात", "वाट" च्या जागी "बाट" ही खरी अक्षरांची गल्लत, तिच्यावर काम करायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर बोलायची असते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि बोलायचा त्याच्या आधी, "सूर्य" वाचताना तो र कुठून आला हे मुलाला समजत नाही, यात मुलाचा काही दोष नाही, आपली लिपीच तशी आहे. ३४ व्यंजनं गुणिले १२ ची बाराखडी केली तरी चारशेच्या वर रूपं होतात, वर जोडाक्षरं. म्हणून इंग्लिश मीडियममधल्या चुलतभावाशी तुलना करणाऱ्या पालकांना सांगा, रस्ताच वेगळा आहे. शब्द मोजणंही वेगळं पडतं, "घरासमोरच्या झाडाखाली" हे आपले दोन शब्द. त्यातही "बस आली, नळ आला" अशा उताऱ्यावरचे ४५ आणि अशा लांब शब्दांवरचे ४५ एक नाहीत, म्हणून आकडा लिहाल तेव्हा कोणता उतारा होता ते शेजारी लिहीत जा, नाहीतर दोन महिन्यांनी तुलना करायला काही उरत नाही.

वेळेचं. एका दिवसात ३६ करूच नका, त्यात ना तपासणी होते ना शिकवणं. रोज ४ मुलं, बाकीची चित्र काढत असताना किंवा लिहीत असताना, ९ दिवसांत वर्ग होतो, एका मुलाला पाचसहा मिनिटं. जागा व्हरांड्यातला कोपरा, नाहीतर तुमच्याच टेबलाच्या बाजूला, पण बाकीच्यांना ऐकू जायला नको. मोबाईल दिसूच देऊ नका, वेळ बघायचीच असेल तर मनगटावर बघा. मुलाला म्हणा, "तू वाच, मला ऐकायचंय," परीक्षा हा शब्द नको.

कुठून सुरू करायचं यासाठी असरवाल्यांचा क्रम चांगला आहे. प्रथम संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ पासून होतं, गावागावात घरी जाऊन एकेका मुलाला वाचायला देतात. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. दोन मिनिटांत कळतं मूल कुठल्या पायरीवर आहे. मग जी मुलं गोष्ट आरामात वाचतात त्यांच्याशी फक्त अर्थाचं बोला, खुणा-बिणांची तपशीलवार नोंद अडलेल्यांचीच करा, तिथेच वेळ घाला. तुमचा वर्ग मागे आहे म्हणून खचून जाऊ नका, असरच्या आकड्यात देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतली दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, कोविडच्या आधी २०१८ मध्ये २७.३ होती आणि २०२४ मध्ये परत २७.१ वर आली. म्हणजे चारातलं एक. पण असा आकडा देशाचं चित्र बघायला असतो, त्याने एखाद्या पोराला लाल-हिरवं करायचं नसतं.

वर्षातून कधी, हेही विचारलंत. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, सुट्टी लांब, त्या सुट्टीत घरी पुस्तक नसलेली मुलं बरंच विसरतात. तेव्हा शाळा उघडल्या उघडल्या मोजू नका, दोनतीन आठवडे वाचून घ्या, जुलैत एकदा बघा, दिवाळीनंतर एकदा, फेब्रुवारीत एकदा. अडलेल्या मुलांचं मात्र दर तीन आठवड्यांनी, नाहीतर त्या च्या-ल्याचं काय झालं ते कळणार कसं.

डिस्लेक्सियाबद्दल हेडसरांना माझ्याकडून नम्रपणे सांगा की एका मिनिटाच्या टायमरवरून हा शब्द पालकांसमोर काढायचा नसतो. आधी डोळे आणि कान. ती फळ्यापासून किती लांब बसते, पुस्तक नाकाला लावते का, सर्दीने कान दुखतो का, हे तुम्हीच बघू शकता, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत येते तेव्हा तिचं नाव आवर्जून पुढे करा, नाहीतर सरकारी मेडिकल कॉलेजला डोळ्याची आणि कानाची ओपीडी आहेच. मग नीट शिकवून बघायचं, काही महिने. एवढं करूनही अक्षरांचे आवाज डोक्यात टिकत नसतील, आज आलेलं उद्या जात असेल, यमक जुळणारे शब्द ओळखता येत नसतील, घरात आणखी कुणाला असा त्रास असेल, तर जरूर तज्ज्ञांना दाखवा, उशीर करू नका. अध्ययन अक्षमता, जिच्यात डिस्लेक्सिया येतो, ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, मुलांना सवलती मिळतात, फक्त तिचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, आणि त्याला कारण आहे, या वयात नुसतं कमी शिकवलं गेलेलं मूलही तसंच दिसतं. तुमची मुलगी मला तशी वाटत नाही, जिथे अडते तिथे एकाच कारणाने अडते.

पालकांना आकडा सांगू नका, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबातच टाकू नका, तिथे लगेच कुणाचं किती सुरू होतं. मुलाला काय येतं ते आधी सांगा, मग पुढची एकच पायरी सांगा, आणि घरी काय करायचं तेही एकच. त्या आईला म्हणा, "हिला काना-मात्रा सगळं येतं, गोष्ट छान समजते, आता जोडाक्षरं करून राहिलो आम्ही, तुम्ही रात्री हिला दहा मिनिटं काहीतरी वाचून दाखवा, वाचायला लावू नका, वाचून दाखवा." आईला वाचता येत नसेल तर उलट करा, मुलीने घरी जाऊन ऐकलेली गोष्ट आईला सांगायची. पुस्तकं नाहीत म्हणत असतील तर स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर प्रथम बुक्सच्या मराठी गोष्टी फुकट आहेत, चार पातळ्या केलेल्या आहेत, मोबाईलवर उघडतात. आणि कधी मेट्रोने जाणं झालं तर स्टेशनांची नावं वाचत जा म्हणा, एक्वा लाईनवर झाशी राणी चौक, अग्रसेन चौक, दोसर वैश्य चौक, जोडाक्षरं हवी तेवढी, आणि ती वाचताना मुलांना कुणी तपासतंय असं वाटत नाही. त्या मुलाच्या घरी हिंदी बोलू नका असं मात्र चुकूनही सांगू नका, घरची भाषा भरपूर असली की दुसरी लवकर येते, उलट आईला सांगा की हिंदीत खूप गोष्टी सांगा, मराठीचं मी बघते.

राहिला तो तक्ता. आकडे खरे भरा, वाढवून भरू नका, कितीही दबाव आला तरी, कारण फुगवलेला आकडा पुढच्या वर्षीच्या मॅडमला फसवतो आणि मग त्या मुलाकडे कुणी बघतच नाही. पण आकड्यापाशी थांबू नका. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात वर्णनात्मक नोंदीला जागा आहे, ती जागा आपण "वाचन चांगले, अधिक सराव हवा" असं लिहून वाया घालवतो, सगळ्या ३६ जणांना तेच. मुलीच्या नावापुढे लिहा: "मात्रा व उकार पक्के. व्या, च्या, ल्या इथे अडते. ऐकलेली गोष्ट कारणासह सांगते. जोडाक्षर गटात." मुलाच्या नावापुढे लिहा: "झालेल्या धड्यात अक्षरे व जोडाक्षरे सहज. घरची भाषा हिंदी. नवीन उताऱ्यावर व ऐकून समजणे तपासायचे आहे." हेडसरांनी विचारलं की हे काय, तर वही उघडून तिची ती ओळ दाखवा, हिरव, मिरच, ठेवल, कोणत्याही शिक्षकाला ते बघितल्यावर समजावून सांगावं लागत नाही.

सोमवारी त्या मुलाला एक नवीन उतारा वाचून दाखवा आणि काय सांगतो ते ऐका, सगळ्यात आधी ते, कारण तो हिरव्या रकान्यात आहे म्हणून त्याच्याकडे वर्षभर कुणी बघणार नाही. मुलीचं तीन आठवड्यांनी नवीन उताऱ्यावर बघा, तोवर तिला घड्याळासमोर बसवू नका.